जुन्या गावठी कोंबड्यांत चार तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या तरुण माद्या) मिसळायच्या आहेत, कशा मिसळाव्यात?

परसातली डिचोली

नमस्कार मंडळी. घरामागे सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, सगळी दीड-दोन वर्षांची. चिऱ्याचे खुराडे आतून ६ फूट बाय ४ फूट, बसायला चार फुटांची एकच दांडी. लागून १२ बाय ८ फुटांचे जाळीचे अंगण, त्याच्या निम्म्या भागावर पत्रा. संध्याकाळी दोन तास कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) मोकळ्या सोडतो. पुढच्या आठवड्यात दहा आठवड्यांच्या चार ग्रामप्रिया (परसात पाळायची सुधारित जात) तलंगा मिळणार आहेत. विकणारा म्हणतो लसी झाल्यात. दोघांनी सांगितले, रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसव, सकाळी कोणाला पत्ताही लागत नाही. हे चालते का? वेगळ्या ठेवायच्या तर किती दिवस? खाद्याचे काय करायचे? जुन्यांना लेयरचे (अंडी देणाऱ्यांचे) खाद्य चालू आहे. आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादी चांगली गावठी दिसली तर तीही याच फेरीत घ्यावी का?

सत्तरीकर

पत्ता लागत नाही हे खोटे. अंधारात कोंबडीला दिसत नाही म्हणून ती भांडत नाही, एवढेच. त्या एकमेकींना तोंडावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. उजाडले की परकी कोण ते पहिल्या मिनिटाला कळते, आणि तुम्ही दार उघडेपर्यंत बंद खुराड्यात तलंगांना पळायला वाट नसते. रात्री बसवणे ही शेवटची पायरी, पहिली नव्हे.

मारामारी डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिचीच चिंता करतात. परसातला अख्खा कळप जातो तो मात्र रोगाने. म्हणून नव्या चौघी कमीत कमी २१ दिवस वेगळ्या, ३० ठेवता आल्या तर उत्तम. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतात, पण दोन आठवडेही लागू शकतात. त्यावर आठवडाभर हातचा धरायचा. अंतर तीस-चाळीस फूट तरी हवे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा नव्यांची जागा जुन्यांच्या पूर्वेला करा. खाणे-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. नव्यांसाठी बादली वेगळी, चपला वेगळ्या. एकच बादली दोन्हीकडे फिरली तर महिनाभर वेगळे ठेवल्याचा काही उपयोग नाही.

या दिवसांत काय बघायचे: शिंका, रात्री कान देऊन ऐकल्यास घरघर, डोळ्यांत फेस, सुजलेले तोंड, हिरवी पातळ विष्ठा. शेपटीखालची पिसे फुंकर मारून बाजूला करा, उवा आणि लिखा तिथेच सापडतात. पायाचे खवले उचललेले आणि खरखरीत असतील तर आत बारीक किडे आहेत. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोपडून आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. विष्ठेचा नमुना जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि जंताचे औषध त्यानंतरच, उगाच नको.

"लसी झाल्यात" म्हणजे कोणत्या आणि कधी, हे लिहून घ्या. नाही सांगितले तर झाल्याच नाहीत असे धरा. आल्याबरोबर लस नको, प्रवासाचा ताण असतो. पाच-सात दिवस रुळू देत. लासोटा (मानमोडीची सौम्य लस) जुन्या-नव्या सगळ्यांना एकाच दिवशी. पाण्यातून देणार असाल तर नळाचे पाणी चालत नाही, क्लोरीनने लस मरते. ब्लीचिंग न टाकलेले बावीचे (विहिरीचे) पाणी घ्या, लिटरमागे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळा, अर्ध्या तासाने लस मिसळा. त्याआधी दीड-दोन तास पाण्याची भांडी उचलून ठेवायची आणि दोन तासांत संपेल एवढेच पाणी करायचे. कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते, उरलेली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. अकराच पक्षी असतील तर सोबतच्या द्रावणात कालवून प्रत्येकीच्या डोळ्यात एक थेंब टाकणे जास्त भरवशाचे. आर-टू-बी (मानमोडीचीच जोरकस लस) ची सुई तलंगांना याच वयात देतात, पण अंडी देणाऱ्यांना टोचू नका, अंडी घटतात.

शेवटचा आठवडा राहिला की जुन्यांतली एक, तुमची कमी लाडकी, नव्यांसोबत ठेवा. काही रोग, सर्दीचे तर नेहमीच, बऱ्या झालेल्या पक्ष्यात लपून राहतात. तो धडधाकट दिसतो आणि दुसऱ्याला देतो. या कोंबडीला काही झाले तर नुकसान एकीपुरते.

बाजारातली गावठी याच फेरीत नकोच. एका टोपलीत पाच घरांचे पक्षी असतात. घ्यायचीच तर तिचे वेगळे ३० दिवस, आणि एकटी आणू नका. कळपात एकटी आलेली सगळ्यांचा मार खाते.

पोफळीखाली

वरचे सगळे मान्य. पुढचे सांगते.

महिना झाला की नव्यांना थेट आत सोडायचे नाही. अंगणाचा पत्र्याखालचा एक कोपरा, सहा बाय चार तरी, जाळीने वेगळा करा आणि त्यांना तिथे आठ-दहा दिवस ठेवा. जाळी अर्धा इंची वेल्डची घ्या. मोठ्या भोकाच्या जाळीतून मान आत जाते आणि पलीकडची तुरा फोडते. खालची कड वीतभर जमिनीत पुरा किंवा चिरे लावा, नाहीतर मुंगूस येते. दोन्ही बाजूंची खाद्याची भांडी जाळीला चिकटून समोरासमोर ठेवा. शेजारी बसून खायची सवय लागली की निम्मे भांडण जाळीतूनच मिटते. जुन्या जाळीवर धावून जायच्या थांबल्या, की समजा वेळ झाली.

मोठ्या पुस्तकी सल्ल्यात पिल्लांपुरते छोटे दार ठेवायला सांगतात, म्हणजे लहान आत पळतात आणि मोठ्या अडकतात. तुमच्याकडे ते उपयोगी नाही. गावठी कोंबडी अंगाने बारीक, ग्रामप्रिया तलंग दहा-बारा आठवड्यांत तिच्या जवळपास येते. जिथून एक जाईल तिथून दुसरीही जाते.

मिसळायची ती संध्याकाळी, कुळागरात सोडता त्या दोन तासांत. जागा परकी नाही पण मोठी आहे, जुन्या किडे उकरण्यात गुंतलेल्या असतात. तीन-चार दिवस असे करून मग अंगणात, आणि अंगणात जमले की रात्री दांडीवर. पहिले चार-पाच दिवस उजाडताच दार उघडायला उठा. अंगणात आडोसे हवेत: माडाची दोन चुडते तिरपी टेकवून, एक जुनी टोपली, चार चिऱ्यांवर फळी. मात्र दोन्ही बाजूंनी उघडे ठेवा. एका तोंडाचा आडोसा म्हणजे पिंजरा, आत कोंडून मारतात.

दांडीचा हिशेब बघा. एका कोंबडीला आठ-नऊ इंच लागतात, अकरांना आठ फूट. तुमची चार फुटांची आहे. दुसरी दांडी तेवढ्याच उंचीवर, पहिलीपासून सव्वा फुटावर. उंच केली तर वरच्या जागेसाठी रोज तंटा, खाली केली तर नव्यांच्या अंगावर रात्रभर विष्ठा. खुराड्याची जमीन पुरेशी आहे. खाद्याची भांडी तीन आणि पाण्याची दोन, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. एकाच भांड्यावर थोरली बसली की नव्या उपाशी.

आता खाद्य. लेयरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते, वाढत्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरते. जास्तीचे मूत्रपिंडाला बाधते आणि ते पुढे अंड्यावर आल्यावर कळते. मिसळल्यावर कोण कुठले खाते ते राखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे खाद्य) चालू करा आणि जुन्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. गोव्यात शिंपल्या विकत घ्यायला नकोत. तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) कवच्या उकडून, उन्हात वाळवून, मसुराएवढ्या कुटायच्या; पीठ केले तर पोटात टिकत नाही. जिला लागते ती खाते, तलंगा फारसे तोंड लावत नाहीत. पहिले अंडे पडले की परत लेयरवर या.

परसातली डिचोली

खूप आभार दोघांचे. पाऊस उघडेपर्यंत थांबू की आणू? आणि रक्त निघाले तर वेगळी काढायची का? कोणाला, मारणारीला की मार खाणारीला?

पेडणेकर

शक्य असेल तर थांबा. पावसात त्या दिवसभर पत्र्याखाली दाटीने उभ्या राहतात, भांडण वाढते. त्याहून वाईट म्हणजे रक्ती हगवण. तिची बीजे विष्ठेतून पडतात आणि ओल-उबेत एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. तुमच्या जुन्यांना ती पचलेली आहेत. तलंगा जाळीच्या फरशीवर वाढल्या असतील तर त्यांनी ती पाहिलेलीच नाहीत. म्हणजे इथे रोग जुन्यांकडून नव्यांकडे जातो, हे बरेचजण धरत नाहीत. तूस चार इंच पसरा, रोज खालवर करा, मुठीत दाबल्यावर गोळा झाला की तो बदला. पाण्याचे भांडे चिऱ्यावर ठेवा, पाठीच्या उंचीला.

पिसे फुगवून बसली, विष्ठेत रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ॲम्प्रोलियम. २० टक्क्यांची पूड असेल तर लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, पुढे आठ-दहा दिवस लिटरला ०.३ ग्रॅम. दुसरे पाणी ठेवायचे नाही. आणि त्याच वेळी ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक पाजू नका. हे औषध बी-वन जीवनसत्त्वासारखे दिसून जंतूला फसवते. तेच वरून घातले तर औषध फुकट.

रक्ताचे: दोघींना काढा, पण वेगवेगळ्या कारणांनी. जखमेचे लाल दिसले की बाकीच्याही तिथेच टोचतात, म्हणून मार खाल्लेली पोव्हिडोन आयोडीन लावून जाळीच्या कोपऱ्यात, खपली धरेपर्यंत. सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, नाहीतर परत येईल तेव्हा पुन्हा परकी. मारणारी एकच असेल तर तिला तीन-चार दिवस नजरेआड करा. परतल्यावर तीच नवी ठरते आणि मिजास उतरते. नुसती टोच, एखादे पीस उपटणे, थोडा पाठलाग यात पडू नका, उतरंड ठरायलाच हवी. खाली दाबून धरून डोक्यावर टोचत असेल तेव्हा मात्र लगेच.

तलंगांना खायला मिळते का हे दिवेलागणीला हाताने बघा. दांडीवर बसल्या की गळ्याखालची पिशवी चाचपायची, लिंबाएवढी भरलेली हवी. दोन संध्याकाळी रिकामी लागली तर ती जाळीत परत.

पोफळीखाली

एक सुचवते, यंदा नाही तर पुढच्या वेळी. तुमच्या गावठी आहेत, वर्षात एखादी खुडूक (अंडी उबवायला बसून राहणारी) होणारच. ती आठ-दहा दिवस घट्ट बसली की एक-दोन दिवसांची पिल्ले आणून रात्री तिच्या पोटाखाली सरकवा, खालची अंडी काढून घ्या. सकाळी लक्ष ठेवा, टोचली तर उचलायची. पिल्ले तीन दिवसांपेक्षा मोठी नकोत आणि हॅचरीतच मरेक्सची (पाय लुळे करणाऱ्या रोगाची) लस झालेली हवीत. तिने एकदा घेतली की बाकीच्यांशी तीच भांडते, तुम्हाला जाळी बांधायची गरज नाही.

परसातली डिचोली

हे आवडले. दसऱ्यानंतर आणतो मग. एक राहिले, कोंबडा नव्यांवर चढेल का?

सत्तरीकर

चार तलंगाच आहेत ना, नर नाही, याची आधी खात्री करून घ्या बाब. दहा आठवड्यांत नराचा तुरा लाल आणि मोठा होतो, शेपटीकडची पिसे लांब टोकदार येतात. तसा एक निघाला तर आणू नका. बाकी तुमचा कोंबडा तलंगा अंड्यावर येईपर्यंत बहुधा दुर्लक्ष करतो, उलट दोन जुन्या भांडल्या तर मध्ये पडतो. नंतर कोणाच्या पाठीची पिसे झडून कातडी दिसली तर त्याच्या आऱ्यांची (पायामागच्या काट्यांची) टोके कानशीने बोथट करा, फक्त टोक. मुळाकडे गेलात तर रक्त येते.