मदत हवी आहे: पत्रकारांच्या मुलाखती उतरवताना विद्यार्थिनीचीच झोप उडाली आहे

नमस्कार मंडळी,

मी मानसशास्त्र शिकवते. यंदा एम.ए.च्या दोन मुली माझ्याकडे प्रबंध करताहेत. विषय त्यांनीच निवडला: आपत्तीचं वार्तांकन करणाऱ्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या बातमीदारांवर आणि छायाचित्रकारांवर होणारा मानसिक आघात. माळीण (२०१४), इर्शाळवाडी (२०२३) इथे दरड कोसळल्यावर पोचलेली माणसं त्यांनी शोधून काढली. आतापर्यंत नऊ मुलाखती झाल्या.

गेल्या मंगळवारी त्यातली एक जण उतरवलेली मुलाखत घेऊन आली. एका छायाचित्रकाराला चिखलात शाळेची वही दिसली. फोटो काढण्याआधी त्यानं बोटानं नावावरचा चिखल पुसला. एवढं सांगून तो थांबतो. पुढे फक्त पंख्याचा आवाज. तिनं कंसात लिहिलंय, '११ सेकंद शांतता'. म्हणाली, "मॅडम, तेवढा भाग मी वीसेक वेळा ऐकला. आता खोलीतला पंखा लावला तरी तेच आठवतं." ऐन मे महिन्यात पंखा बंद ठेवून झोपायचा प्रयत्न करतेय पोरगी.

कामाच्या निमित्तानं असे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हेही आघाताचं कारण ठरू शकतं, हे डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदानपुस्तिकेत, २०१३ पासून आहे. मी ते वर्गात शिकवते. तरीही नीतिसमितीच्या अर्जात आम्ही मुलाखत देणाऱ्यांसाठी सगळं लिहिलं, मुलाखत मधेच थांबवायची मुभा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, आणि मुलींसाठी एक ओळही लिहिली नाही. ही चूक माझीच.

सध्या तिचं उतरवण्याचं काम थांबवलंय. ती समुपदेशकांकडे जाते. तिचे गुण माझ्या हातात असल्यामुळे तिची तपासणी किंवा समुपदेशन मी स्वतः करणं मला योग्य वाटत नाही. विषय बदलायला मात्र ती तयार नाही आणि तिचं म्हणणं मला पटतं. पत्रकारांवरच्या आघाताचा मानसोपचारतज्ज्ञ फाइनस्टाइन यांचा २००२चा अभ्यास युद्ध वार्ताहरांचा होता. आमचा बातमीदार त्याच तालुक्यात राहतो, गेलेल्यांपैकी कुणाकुणाला ओळखत असतो. पीसीएल-५ ही आघातानंतरच्या त्रासाची प्रश्नावली एकच घटना मनात धरून भरायची असते. ती भरताना एकानं विचारलं, "ताई, एकच घटना धरायची? कुठली धरू?" या प्रश्नावरच एक प्रकरण होईल.

अशा संशोधनाचं मार्गदर्शन केलेल्यांनी कृपया सांगा: उतरवण्याचं काम दिवसाउजेडी आणि दोनच तास, असं बंधन पुरतं का? की ध्वनिमुद्रणं दोघींत वाटून द्यावीत? दर आठवड्याला बसून बोलायचं तर माझ्याशी, की बाहेरच्या कुणाशी?

आणखी एक. तालुक्यात छायाचित्रकार चार. नाव गाळलं तरी वहीचा प्रसंग वाचून तो कोण हे गावाला कळेल. त्याला पुन्हा विचारून प्रसंग ठेवावा म्हणते, पण त्यासाठी त्याला तो पुन्हा वाचायला द्यावा लागेल. तुम्ही काय केलं असतं?

प्रबंध जमा करायला सहा आठवडे आहेत. मुदतवाढ मागायची तर याच आठवड्यात अर्ज करावा लागेल.