मदत हवी आहे: ब्राउनचा वाटेल असा कॅम्पिंग स्टोव्ह

नमस्कार मंडळी. पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकतेय. या सत्राचं काम असं: जी कंपनी कॅम्पिंग स्टोव्ह बनवत नाही अशी एक निवडायची आणि तिच्याच घरातला वाटेल असा स्टोव्ह करायचा. लोगोवर बोट ठेवलं तरी ओळखू यायला हवा, ही सरांची अट. मी ब्राउन ही घरगुती उपकरणांची जर्मन कंपनी घेतली. आत्ताची दाढीच्या मशीनवाली नव्हे, डिझायनर डिटर राम्स १९५५मध्ये रुजू झाले त्यानंतरची.

पांढरा डबा, गोल कोपरे, एक नारिंगी ठिपका, झालं ब्राउन! वर्गात हेच चाललंय आणि मला ते पटत नाही. १९५८चा टी ३ रेडिओ बघा: भोकांची जाळी नि एक चकती, कुठे फिरवायचं हे सांगावं लागत नाही. १९८७च्या ईटी ६६ कॅलक्युलेटरवर बरोबरच्या चिन्हाची कळ पिवळी, कारण शेवटी बोट तिथंच जाणार. हे स्टोव्हवर कसं आणायचं?

अडचण अशी की ब्राउनची वस्तू बंद आणि गुळगुळीत असते, तर बर्नरला हवा लागते. गॅसच्या डब्यावर स्क्रूने बसणारा उभा स्टोव्ह घेतला तर तो उंच होतो, पातेलं डुगडुगतं. त्याला चहूबाजूंनी आडोसा केला की गॅसचा डबाच तापतो, म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आडव्या लांब डब्याच्या, पेटीसारख्या स्टोव्हकडे वळलेय. वजन वाढतं, पण निदान बसका आहे.

ट्रेकला नेहमी स्वयंपाक करणाऱ्यांना विचारायचंय: पाच-सहा जणांच्या खिचडीला केवढं पातेलं नेता? कोकणकड्यासारख्या वाऱ्यात पेटीचं उघडं झाकण आडोसा म्हणून पुरेल का? आणि नॉब प्लास्टिकचा चालेल की वितळेल? दिसायला मला काळाच हवाय.

प्रतिसाद
झाकण एकाच बाजूचा वारा अडवेल. कड्यावर तो खालूनही येतो, तेव्हा बर्नरभोवती खोलगट कडं दे. पातेल्याचं म्हणशील तर आम्ही रुंद टोप नेतो आणि पेटीच्या स्टोव्हला तेच घातक. टोप डब्याच्या कप्प्यावर आला की उष्णता खाली परतते आणि डबा तापतो. चांगल्या स्टोव्हमध्ये दाब वाढला की डबा आपोआप सुटतो, पण त्या भरवशावर राहू नको. भांड्याची कमाल मापं स्टोव्हवरच कोरून टाक. वाचायला सोपं, आणि तुझ्या ब्राउनलाही शोभेल.

प्रतिसाद
नॉब फिनॉलिक प्लास्टिकचा कर, म्हणजे बेकेलाइटच्या जातीचा. कुकरच्या काळ्या मुठी त्याच्याच असतात, वितळत नाहीत. फक्त तो ज्वाळेपासून दूर, डब्याच्या बाजूला ठेव. ब्राउनमध्येच दाखला हवा असेल तर तिथलेच डिझायनर राइनहोल्ड वाइस यांचा टोस्टर बघ: मध्ये तापणारा चकचकीत पत्रा, टोकांना काळं प्लास्टिक. हात कुठे लावायचा ते रंगावरूनच कळतं.

धागाकर्ती
दादा, टोपाचं डोक्यातच नव्हतं, आभार. मग बर्नर आणि कप्पा एकमेकांपासून लांब करून मध्ये उभा पत्रा घालते. टोस्टरवरून सुचलं: पत्रा तेवढा तापणारा, काळं तेवढं धरायचं. रंग एकाच जागी, डब्याच्या गळ्यावरची खाच जिथे बसते तिथे. खाच वर असली तरच आतल्या नळीतून वायू येतो, नाहीतर द्रवरूप गॅस येऊन ज्वाळ भडकते. पिवळी खूण वर, खाच तिच्याखाली. अंधारात टॉर्चच्या उजेडात पिवळा दिसेल ना, की लाल घेऊ?