अपिलात तोंडी युक्तिवाद सरसकट हवा का?

सीताबर्डीकर: नागपूर खंडपीठाकडे विदर्भाच्या ११ जिल्ह्यांची अपिलं येतात. गडचिरोलीचा पक्षकार पहाटेची एसटी धरून येतो, मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, खालच्या नंबरला असतं, अन् संध्याकाळी कळतं की आज पोचलंच नाही. अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टात तिन्ही न्यायाधीशांना तोंडी युक्तिवादाची गरज वाटली नाही, तर निकाल कागदांवरच होऊ शकतो. ज्याला बोलायचंय त्याने कारण लिहून द्यावं. आपणही फायनल हिअरिंगला तेच करावं. पुरावा खालच्या कोर्टात झालेलाच असतो, तो पुन्हा वाचून दाखवण्यात काय हशील?

धंतोलीचा वकील: भाऊ, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ४१ उघडा. नियम ११ खाली अपील सुरुवातीलाच फेटाळायचं असलं तरी आधी अपीलकर्त्याला ऐकावं लागतं. नियम १६ प्रमाणे आधी अपीलकर्ता, मग समोरचा, मग पुन्हा अपीलकर्त्याचं उत्तर. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. सेकंड अपिलात, म्हणजे अपिलावरच्या अपिलात, तर कलम १०० चा कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. लेखी युक्तिवादात तो आठव्या पानावर दडलेला असतो, आणि जजसाहेबांनी 'हा दस्तऐवज शाबीत झाला होता का?' विचारलं की दोन मिनिटांत बाहेर येतो.

सीताबर्डीकर: मग कायदा बदला, तेच म्हणतोय. सुप्रीम कोर्टात रिव्ह्यू, म्हणजे निकालाच्या फेरविचाराचे अर्ज, साधारणपणे चेंबरमध्येच, सर्क्युलेशनने (वकिलांना न ऐकता, जजांमध्ये कागद फिरवून) निकाली निघतात. आभाळ कोसळलं का?

अजनी_चौक: उदाहरण बरं दिलंत. २०१४ मध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात रिव्ह्यू खुल्या कोर्टात ऐकायलाच हवी, मर्यादित वेळ का होईना. त्या याचिकाकर्त्यांत आपल्याच सेंट्रल जेलमधला याकूब मेमनही होता.

सीताबर्डीकर: आणि ३० जुलै २०१५ ला त्याला फाशी झालीच. ऐकून फरक काय पडला?

अजनी_चौक: त्याच्या बाबतीत नाही पडला. पण ऐकल्याने निर्णय बदलण्याची पुसटशी शक्यता असली तरी ऐकायला हवं, असं कोर्टच म्हणालं होतं. जमिनीच्या मोबदल्याचं अपील फाशीइतकं मोठं नाही, मान्य. पण ज्याची जमीन गेली, त्याच्याकडे दुसरं काय उरलंय?

बोर्डवाला: तुम्ही दोघंही भलतंच भांडताय. रोग बोलण्यात नाही, तारखेत आहे. मेन्शन करून (जजसाहेबांना तोंडी विनंती करून), अर्जंट म्हणून मॅटर बोर्डावर आणायचं आणि दिवसभर नंबरकडे बघत बसायचं. दोन्ही बाजूंकडून किती वेळ लागेल ते आधी लिहून घ्या अन् त्यावर बोर्ड लावा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सहसा एका बाजूला अर्धा तासच मिळतो. (आपल्या सिनियरांना तेवढा वेळ प्रस्तावनेलाच लागतो, पण लागेल सवय.) केशवानंद भारती खटल्यासारखी ६८ दिवसांची सुनावणी काही रोज नसते.

धंतोलीचा वकील: आणि ठरल्या वेळी मी दुसऱ्या कोर्टात उभा असलो तर? आज ज्युनियर पासओव्हर मागतो, म्हणजे मॅटर थोड्या वेळाने घ्या म्हणतो. तुमच्या पद्धतीत नियम १७ खाली अपील गैरहजेरीत फेटाळलं जाणार. नियम १९ खाली ते पुन्हा दाखल करून घ्या म्हणून अर्ज करायचा, म्हणजे पक्षकाराला आणखी एक तारीख.

बोर्डवाला: तर मग साहेब, एका दिवशी तेवढेच वकालतनामे सांभाळा!