बाकाला मधला हात हवा की नको? (आणि हरारेच्या आज्या)

अंबडचा वेल्डर:

मंडळी, प्रश्न बसायच्या बाकाचा आहे. हसू नका, पूर्ण वाचा.

नाशिकला अंबड एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे आणि गेली काही वर्षं बागेतले बाक. इंदिरानगरात आमच्या सोसायटीशेजारच्या बागेसाठी ज्येष्ठ मंडळींनी वर्गणी काढली आणि सहा बाकांचं काम मला दिलं. मोबाइलवर फोटो आला. पाच फुटी बाक, मधोमध एक जादा हात, म्हणजे हात टेकायचा दांडा. विचारलं, हा हात कशाला? उत्तर आलं, "दिसायला फॉरेनचा वाटतो, आणि कोणी आडवं पडत नाही."

मधल्या हाताचे चाळीसेक बाक मी आजवर केले असतील. दीड फूट पाइप, एक बेंड, दोन वेल्ड. कधी डोकं चालवलं नाही. या वेळी सहज मुलीला फोटो पाठवला, ती वॉशिंग्टनला असते. ती म्हणाली, "बाबा, बेघर माणसाने रात्री पाठ टेकू नये म्हणून इकडच्या शहरांनी काढलेली ही युक्ती आहे." लंडनच्या कॅम्डनमध्ये २०१२ साली तर काँक्रीटचा असा बाक बसवला की त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड घासता येत नाही. फोटो बघितला. मला तर त्यावर धड बसताही येईल असं वाटलं नाही.

पुढे तिनेच सांगितलं की वॉशिंग्टनमध्ये दुसराही एक बाक आलाय, आणि तो झिम्बाब्वेचा. म्हणजे लाकूड-लोखंड तिकडून आलेलं नाही, रीत आली आहे. हरारेत डॉ. डिक्सन चिबांडा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सगळ्या देशात त्यांच्यासारखे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. २००६च्या सुमारास म्बारे वस्तीत काम करायचं ठरलं तर दवाखान्यात खोली मिळेना, पैसा नाही, नर्सना मान वर करायला फुरसत नाही. मिळाल्या त्या वस्तीतल्या १४ आज्या आणि आवारातली झाडाखालची जागा. म्हणून बाक! आजीला प्रशिक्षण द्यायचं, बाकावर बसवायचं, ज्याचं मन थाऱ्यावर नाही त्याने शेजारी येऊन बसायचं. २०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला. हरारेतले २४ दवाखाने, ५७३ माणसं. सहा महिन्यांनी बघितलं तर बाकावर गेलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं उरली होती; नेहमीच्या उपचारांवर होते त्यांच्यात ५० टक्क्यांना. मग न्यूयॉर्कने हीच कल्पना घेतली. ब्राँक्स, ब्रुकलिन, हार्लेममध्ये नारिंगी बाक मांडले.

आता गंमत बघा. त्यांनी आफ्रिकेकडून माणसाला जवळ बसवणारा बाक घेतला, आणि आम्ही त्यांच्याकडून माणसाला उठवणारा.

माझी आई ७९ वर्षांची. पंचवटीतल्या वाड्याला ओटा होता. त्यावर बसलं की माझे पाय लोंबायचे आणि तिचे बरोब्बर टेकायचे. सगळ्या आळीची दुखणीखुपणी त्या ओट्यावरून जायची. आता तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे, टीव्ही आहे आणि दुपारभर ती गॅलरीतून पार्किंग बघत असते.

तर सांगा: कमिटीला मधल्या हाताबद्दल काय समजावू? बाक सरळ करू, समोरासमोर करू की कोनात? आणि आपल्याकडे हे कोणी केलंय का?

पेठची गटप्रवर्तक:

दादा, बाकाआधी नावाचं बघा. हरारेत पहिलं नाव 'मानसिक आरोग्य बाक' असंच काहीसं होतं. कोणी फिरकेना. आज्याच म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर चारचौघांत कोण बसेल? मग 'मैत्रीचा बाक' झाला. तिथल्या शोना भाषेतल्या नावाचा अर्थ तर आणखी छान, एकमेकांना सल्लामसलत करायचा बाक. आमच्याकडेही 'मानसिक' शब्द काढला की समोरची बाई पदर सावरून उठतेच.

मी आशाताईंच्या कामावर देखरेख करते. इकडे डिप्रेशन कोणी म्हणत नाही. म्हणतात, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, अन्न गोड लागत नाही. शोनात शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. बाया इथे अगदी तेच बोलतात: "ताई, लई इचार येत्यात." तिथल्या आज्या १४ प्रश्नांची यादी विचारतात, तीही त्यांच्याच बोलीतली. उत्तरांवरून धोका वाटला तर बाकावर गप्पा मारत ठेवत नाहीत, वरच्या माणसाकडे पाठवतात. हे विसरू नका. आपल्याकडे मनाच्या दुखण्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तो बाकाच्या पाठीवर कोरा.

आणि आजी उपदेश करत नाही. आधी मन मोकळं करायचं, मग जरा उभारी द्यायची, मग बळ द्यायचं, अशा तीन पायऱ्या. साधारण सहा भेटी. दहा कटकटींतून एकच निवडायची, तीही येणाऱ्यानेच. आमच्याकडे एक बाई दर मंगळवारी कंबर दुखते म्हणून यायची. नवऱ्याचं पिणं, मुलाची फी, सासूचं पथ्य, सगळं एका दमात सांगायची. एकदा आमच्या आशाताईने विचारलं, "यातलं या आठवड्यात तुझ्या हातात काय आहे?" ती बराच वेळ नखाने ओटीच्या गाठीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "फीचं मास्तरला इचारते." पुढच्या मंगळवारी कंबर होतीच, पण फीचे हप्ते ठरले होते.

आपल्याकडे कोणी केलंय का, विचारता? जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं की. अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावचं आरोग्य शिकवलं. तेव्हा आधी बाई निवडा, बाकाचं नंतर.

नाशिकरोड ते लंडन:

काका, बेघरांबद्दल मुलगी बरोबर सांगतेय. पण मधला हात सरसकट वाईट नाही हो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे गेलेल्या माणसाला उठताना कशाला तरी रेटा द्यावाच लागतो. मधला काढा, पण दोन्ही टोकांना हात ठेवा, आणि ते बसायच्या फळीच्या थोडे पुढे येऊ द्या.

इकडचं एक सांगते. ब्राझीलमध्ये १९९४ पासून वस्तीतल्याच बाया आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरतात, महिन्याला प्रत्येक दार ठोठावतात, घरात कोणी आजारी असो वा नसो. अशा अडीच लाखांच्या आसपास आहेत. लंडनच्या पिम्लिको भागात २०२१ पासून तोच नमुना सुरू केलाय. ज्या देशाने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, त्याला दार ठोठवायची रीत ब्राझीलकडून शिकावी लागली! इथे शेजारच्या आजोबांचं दूध तीन दिवस दाराबाहेर राहिलं तरी बेल वाजवायला माणसं कचरतात. मीही कचरते आता, हे लिहिताना कळलं.

मास्तर (निवृत्त), पंचवटी:

सगळी आयात फळते असं नाही. मेक्सिकोत १९९७ पासून गरीब आईच्या हाती रोख पैसे देत, अट अशी की मूल शाळेत आणि दवाखान्यात गेलं पाहिजे. न्यूयॉर्कने २००७ मध्ये त्यावरून योजना आखली. पैसे मिळत होते तोवर घरची ओढाताण थोडी कमी झाली, पण लहान मुलांच्या अभ्यासात काही फरक दिसला नाही. २०१० मध्ये पैसे देणं थांबलं. मेक्सिकोच्या खेड्यात मूल शेतात जात होतं, म्हणून शाळेत आणायला पैसा उपयोगी पडला. न्यूयॉर्कचं मूल शाळेत जातच होतं. दुखणं वेगळं, काढा तोच.

तुमच्या बाकालाही हेच लागू. हरारेच्या आजीकडे गर्दी का? तर डॉक्टर नाही म्हणून. वॉशिंग्टनमध्ये डॉक्टर आहे, त्याची फी परवडत नाही म्हणून. इंदिरानगरात माणसं बसत का नाहीत, याचं कारण आधी शोधा. माझ्या मते कारण एकच: सुनेबद्दल बोललेलं संध्याकाळी सुनेपर्यंत पोचतं.

गंगापूररोडकर:

एप्रिलमध्ये दुपारी चारला लोखंडी बाकावर बसून दाखवा, मग मैत्रीचं बोलू. लाकडी पट्ट्या टाका, नाहीतर झाडाखाली मांडा. आणि फाउंडेशनमध्ये घट्ट बसवा. आमच्या जॉगिंग ट्रॅकवरचा एक बाक अख्खा भंगारात गेला.

अंबडचा वेल्डर:

सगळ्यांचे आभार. मास्तर, सुनेचं खरं आहे. म्हणून सहापैकी दोनच बाक असे करतोय, मागच्या भिंतीकडे, कडुनिंबाखाली, ट्रॅकपासून लांब. ताई, नाव टाकतच नाही. नंबर तेवढा कोरतो. बाईचं म्हणाल तर कमिटीतल्या एक निवृत्त नर्स तयार आहेत, पण त्यांची अट आहे की आधी कोणीतरी नीट शिकवावं. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कळवा.

नमुना तयार झाला. चाळीस बाय चाळीसचा चौकोनी पाइप, वर लाकडी पट्ट्या, मधला हात नाही, टोकाचे दोन्ही हात पुढे काढलेले. सरळही नाही आणि काटकोनही नाही, मधे थोडा मोडलेला. समोर बघत बोलता येतं, आणि वाटलं तर मान वळवली की चेहरा दिसतो. ओट्यावर असंच तर बसायचो, कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नव्हतं.

काल आईला रिक्षाने गाळ्यावर नेली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आमचा हेल्पर, बिहारचा पोरगा. चार वर्षं माझ्याकडे आहे. मी ग्राइंडर बंद करून पावडर कोटिंगवाल्याशी फोनवर भांडत होतो. पंधरा मिनिटांनी आलो तर आई तिच्या मोडक्या हिंदीत त्याला विचारत होती, "फिर माँ को फोन क्यों नहीं किया?" दिवाळीपासून हा पोरगा आईशी बोललेला नाही, बहिणीच्या लग्नाच्या कर्जावरून. मला पत्ता नव्हता. तो खाली बघत होता, हातमोजा काढत होता, पुन्हा घालत होता.

कमिटीला फोटो पाठवलाय. "फॉरेनचा वाटत नाही," असं उत्तर आलंय, पण नको असं कोणी म्हटलेलं नाही.

आईने उठताना एकच खोट काढली. उंची दीड इंच जास्त आहे, पाय टेकत नाहीत. सोमवारी कापतो.