अमेरिकेतील ‘सर्किट’ म्हणजे आपल्या कोल्हापूरसारखे बेंच समजावे का?

प्रश्न (टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी):
टेक्सासमधील एका खरेदीदाराकडे आमच्या टेरी टॉवेलच्या दोन कंटेनरचे पैसे आठ महिन्यांपासून थकले आहेत. तिथल्या वकिलांच्या पत्रात ह्यूस्टन येथील ‘टेक्सासचे दक्षिण डिस्ट्रिक्ट कोर्ट’ आणि ‘पाचवे सर्किट’ असे उल्लेख आहेत. आपल्याकडे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयावर मुंबई उच्च न्यायालय आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून आपली प्रकरणे त्याच्याच कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. पाचवे सर्किटही तसेच बेंच आहे का? शिवाय टेक्सासला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असताना आमचा दावा तिकडे का जात नाही?

उत्तर (वकील, सोलापूर):
साहेब, आपल्या देशात न्यायालयांची उतरंड एकच आहे. केंद्राचा कायदा असो वा राज्याचा, दावा त्याच जिल्हा न्यायालयात चालतो. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची स्वतंत्र उतरंड असून तिच्या शेजारी केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालयांची, दुसरी उतरंड उभी आहे. टेक्सासमध्ये तर दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांसाठी दोन वेगवेगळी सर्वोच्च पीठे आहेत. फेडरल न्यायालयांचा अधिकार मर्यादित असतो. केंद्रीय कायद्याचा प्रश्न असेल, किंवा पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे अथवा एक बाजू परदेशी असून दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा अधिक असेल, तरच तिथे दार उघडते. आपण परदेशी पक्षकार आहात आणि दोन कंटेनरची थकबाकी या मर्यादेपलीकडे असणार, म्हणूनच वकिलांनी हा मार्ग धरलेला दिसतो. तरीही कराराच्या बाबतीत ते न्यायालय सामान्यतः राज्याचाच कायदा लावते.

‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द आपल्या जिल्ह्याशी जुळवू नका. फेडरल दावे आधी ज्यांच्यापुढे चालतात अशी ही ९४ न्यायालये संपूर्ण देशात आहेत आणि एवढ्या मोठ्या टेक्सासच्या वाट्याला त्यांतील चारच येतात.

उत्तर (विधी महाविद्यालयातील प्राध्यापिका):
बेंचविषयीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोल्हापूरचे बेंच हे मुंबई उच्च न्यायालयाचेच अंग आहे. पाचवे सर्किट मात्र न्यू ऑर्लिन्स येथे मुख्यालय असलेले स्वतंत्र अपील न्यायालय असून टेक्सास, लुईझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांतील फेडरल अपिले त्याच्याकडे येतात. शब्दाचे मूळ मात्र दोन्हीकडे फिरस्तीचे आहे, कारण अमेरिकेत १७८९ च्या कायद्यानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ठरलेल्या फेरीवर जाऊन खटले ऐकावे लागत आणि तो प्रवास अत्यंत कष्टाचा असे. आजची अपील न्यायालये १८९१ मध्ये निर्माण झाली. अशी एकूण १३ आहेत: क्रमांकांची ११, राजधानीचे एक आणि विषयानुसार चालणारे ‘फेडरल सर्किट’. अपील सहसा तीन न्यायाधीशांपुढे चालते.

एका सर्किटचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. त्यामुळे एकाच केंद्रीय कायद्याचा अर्थ ह्यूस्टनमध्ये एक आणि शिकागोमध्ये दुसरा असू शकतो, आणि हा मतभेद मिटवणे हे अमेरिकेच्या नऊ न्यायाधीशांच्या सर्वोच्च न्यायालयाचे खरे काम आहे, असे मला वाटते. तिथे जाण्याचा हक्क बहुतेक पक्षकारांना नसतो; नवांपैकी चौघांनी होकार दिला तरच प्रकरण सुनावणीस घेतले जाते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, मॅडम. मग टॉवेलवरील आयातशुल्काचा वादही ह्यूस्टनलाच जाईल का?

उत्तर (क्लिअरिंग एजंट):
नाही. त्यासाठी न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय हे वेगळे फेडरल न्यायालय आहे आणि त्यावरील अपील पाचव्या सर्किटकडे न जाता वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किटकडे जाते. २०२५ मधील वाढीव आयातशुल्काचे प्रकरण याच वाटेने गेले: मे महिन्यात व्यापार न्यायालयाने ते शुल्क बेकायदेशीर ठरवले, ऑगस्टमध्ये फेडरल सर्किटने ७ विरुद्ध ४ मतांनी तेच मत कायम ठेवले आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. एवढे ध्यानात असू द्या की शुल्क भरणारा आयातदार असतो, म्हणून मालाच्या वर्गीकरणाचा किंवा दराचा वाद त्यालाच आधी सीमाशुल्क खात्याकडे हरकत नोंदवून सुरू करावा लागतो. शुल्क आपण भरायचे असे करारात ठरले असेल, तर हरकतीची मुदत चुकू नये म्हणून खरेदीदाराला आजच लेखी कळवा.

उत्तर (वकील, सोलापूर):
त्याच करारात वाद कोणत्या न्यायालयात किंवा लवादापुढे चालवायचा याचे कलम आहे का, तेही पाहा. ते असेल तर ह्यूस्टनचा विचार करण्यापूर्वी तिथल्या वकिलांना दाखवा.