ग्लेनईगल्स हॉटेल नक्की कुणी बांधलं?

अजिंक्यतारा: मंडळी, साताऱ्यात हॉटेल मॅनेजमेंट करतेय, स्कॉटलंडच्या ग्लेनईगल्सवर प्रोजेक्ट आहे. एवढं आलिशान हॉटेल आणि गोल्फ कोर्स तिथं माळरानावर कुणाला सुचलं?

वाईकर: रेल्वेवाल्यांना! कॅलेडोनियन रेल्वेचे जनरल मॅनेजर डोनाल्ड मॅथेसन यांची कल्पना. पण पहिल्या महायुद्धात बांधकाम रखडलं, मग १९१९ ला गोल्फपटू जेम्स ब्रेडने आखलेला किंग्ज कोर्स हा गोल्फ कोर्स आधी सुरू झाला आणि हॉटेल उघडलं ते थेट १९२४ ला. स्टेशन जवळच, पाहुणा गाडीतून उतरला की पोचलाच. आपल्याकडं महाबळेश्वरला जायचं तर वाठार स्टेशनला उतरून पुढं वाईवरून घाट चढायला लागायचा, रेल्वेनं असं काही इथं केलं असतं तर आपल्या भागाचं सोनं झालं असतं.

मिरजेची: दुसऱ्या महायुद्धाचा भाग नक्की घाल गं, तेव्हा तिथं हॉस्पिटल होतं. जिथं श्रीमंत लोक सुट्टीला यायचे तिथंच जखमी सैनिकांच्या खाटा, नंतर खाणकामगारांचं पुनर्वसन केंद्र पण. मला तर तिथं झालेल्या रायडर कपपेक्षा (युरोप-अमेरिका गोल्फ स्पर्धा) हेच मोठं वाटतं.

अजिंक्यतारा: हे कुठंच वाचलं नव्हतं, थँक्यू ताई! रायडर कप कधी झाला तिथं?

वाईकर: २०१४, युरोप जिंकलं. पण १९२१ ला ब्रिटन-अमेरिका व्यावसायिक गोल्फपटूंची मॅच पण तिथंच झालेली, रायडर कप सुरू व्हायच्या आधी, ती सोडू नकोस.