कोई (रंगीत कार्प मासा) मादीची अंडी चार तास उशिरा काढली, फलन 35 टक्क्यांवर. उशिराचाच परिणाम का?

घोडबंदर_टाकी
मादी 1 किलो 200 ग्रॅम. टाकी ठाण्यात गच्चीवर, पाणी 26 अंश. रात्री 9 ला ओव्हाप्रिम (अंडी सुटण्यासाठीचं संप्रेरकाचं इंजेक्शन), किलोला 0.5 मिली, एकच डोस, नरांना निम्मा. अंडी हाताने काढली ती दुसऱ्या दिवशी दुपारी 1 ला. बोट टेकताच धार लागली, म्हणून पूर्ण पिकलीत असं धरलं. सात तासांनी शंभर मोजली: 35 पारदर्शक, बाकी पांढरी. जी पिल्लं निघाली त्यातली बरीच शेपटीत वाकडी. दोन नर होते, दोघांचं शुक्रद्रव दाट पांढरं. दोष नरांचा, नळाच्या पाण्याचा की वेळेचा? आणि वेळेचाच असेल तर किती तास म्हणजे उशीर?

मुरबाडचं तळं
बोट टेकताच धार लागणं म्हणजे अंडी सुटलीत (अंडाशयातून मोकळी झालीत), एवढंच. ती कधी सुटली ते त्यावरून कळत नाही. घड्याळ इंजेक्शनपासून नाही, अंडी सुटल्यापासून लावायचं.

26 अंशांना ओव्हाप्रिमच्या एका डोसनंतर कोई साधारण 10 ते 14 तासांत सुटते. म्हणजे तुमची मादी सकाळी 7 ते 11 च्या दरम्यान केव्हातरी सुटली, आणि अंडी दोन ते सहा तास पोटात पडून राहिली. या तापमानाला कार्पच्या अंड्याचा चांगला काळ तास-दोन तासांचा. पुढे घसरण वेगात होते. ट्राउट 10 अंशांच्या पाण्यात सुटलेली अंडी पाच-सात दिवस सांभाळते, ते वाचून लोक इथे निवांत राहतात. गार पाण्याचा हिशेब गच्चीवरच्या टाकीला लागत नाही.

पोटात होतं काय? सुटलेल्या अंड्याचा, ज्या पिशवीत ते वाढलं त्या पुटिकेशी संबंध तुटतो, बाहेरून पुरवठा नाही. ते स्वतःची शिदोरी खात बसतं. पटलं खराब होतात, आईकडून आलेला आरएनए (सुरुवातीच्या वाढीच्या सूचना) विरतो, काही अंड्यांतले कवचाखालचे बारीक फुगे शुक्राणूशिवायच फुटू लागतात. अंडं अर्धसूत्री विभाजनाच्या दुसऱ्या टप्प्यावर थांबलेलं असतं. जास्त थांबलं की तिथली तर्कूची (गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंची) मांडणी ढासळते, जास्तीची गुणसूत्रं नेणारा दुसरा ध्रुवीय पिंड बाहेर पडत नाही आणि त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) पिल्लं निघतात. वाकड्या शेपट्या, फुगलेली पीतकपिशवी (बलकाची पिशवी) हे सगळं याच घरातलं. म्हणून नुसता फलनाचा टक्का बघू नका. फलन बरं दिसूनही पिल्लं तिसऱ्या दिवशी मान टाकतात.

डोळ्यांनी ओळखायचं तर कोरड्या पांढऱ्या वाटीत चमचाभर अंडी घ्या. ताजी अंडी राजगिऱ्यासारखी सुटी, चकचकीत, पिवळसर-हिरवट. सोबतचा द्रव थोडा आणि स्वच्छ. उशिराची असली की द्रव तांदळाच्या पेजेसारखा गढूळ, मध्ये पांढऱ्या गुठळ्या आणि फुटक्या टरफलांचे तुकडे. पहिल्याच चमच्यात हे दिसलं तर त्या मादीवर शुक्रद्रव वाया घालवू नये.

ऐरोली_कोई
मुरबाडकर दादांचं बरोबर, पण नरांना इतक्या लवकर निर्दोष धरू नका. दाट पांढरं म्हणजे चालू असं नाही. काचपट्टीवर सुईच्या टोकाएवढं शुक्रद्रव, त्यावर टाकीच्या पाण्याचा थेंब, आणि लगेच सूक्ष्मदर्शक. कार्पचे शुक्राणू पाण्यात मिनिटभरही नीट धावत नाहीत, त्यामुळे भिंग आधीच जुळवून ठेवा. काढताना लघवी किंवा पाणी मिसळलं असेल तर ते वाटीतच संपलेले असतात. पुढच्या वेळी तेच शुक्रद्रव दुसऱ्या, वेळेत काढलेल्या मादीच्या थोड्या अंड्यांवरही टाका. तिथे फलन 80 टक्क्यांच्या पुढे गेलं तर नर निर्दोष.

अंडी काढताना पोट आणि मागचं द्वार टॉवेलने कोरडं करा. 100 ग्रॅम अंड्यांना 1 मिली शुक्रद्रव, कोरडंच कालवायचं, मग फलनद्रावण: 10 लिटर पाण्यात 40 ग्रॅम मीठ आणि 30 ग्रॅम युरिया. साधं पाणी आधी लागलं तर शुक्राणू आत शिरायचं अंड्याचं सूक्ष्मछिद्र मिनिटाभरात मिटतं.

मोजणी सात तासांनी केलीत ते उत्तम. पहिल्या तासात फलन न झालेली अंडीही फुगून पारदर्शक दिसतात, आणि लोक 90 टक्के म्हणून पेढे वाटतात. पाण्याबद्दल म्हणाल तर क्लोरीन उरलेलं असतं तर मोठ्या माशांचेही कल्ले बोलले असते.

तळोजा_मत्स्यबीज
एक फरक कुणी सांगितला नाही. सुटल्यानंतरचा उशीर वेगळा आणि सुटण्याआधीचा वेगळा. तयार मादी, नर नाही, अंडी चिकटवायला झावळी नाही, पाणी बदललं नाही म्हणून आठवडे तशीच ठेवली तर अंडी अंडाशयातच विरायला लागतात. पोट मऊ राहतं, पण आत माल नसतो. अशा मादीला कितीही वेळेवर काढा, हाती काही लागत नाही.

इंजेक्शनच्या आधी बारीक नळीने वीस-तीस अंडी काढा आणि अल्कोहोल 6, फॉर्मालिन 3, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 1 या मिश्रणात पाच मिनिटं ठेवा. अंडं पारदर्शक होऊन केंद्रक दिसतं. बहुतेकांत ते मध्यावरून कडेला सरकलेलं असेल तर डोस द्या. मध्येच असेल तर थांबा. आकार वेडेवाकडे, पीतक फाटलेलं दिसलं तर या हंगामात ती मादी सोडा.

आणि पिट्युटरीच्या (माशाच्या पियुष ग्रंथीच्या अर्काच्या) दुसऱ्या डोसनंतरचा 240-260 अंश-तासांचा (पाण्याचे अंश गुणिले तास) ठोकताळा ओव्हाप्रिमला लावू नका. इथे तो फसतो.

घोडबंदर_टाकी
द्रव पेजेसारखाच होता. म्हणजे उशीरच. पण नेमकी सुटायची वेळ कळायची कशी? दर अर्ध्या तासाला पकडली तर मादी दमते.

मुरबाडचं तळं
पकडू नका, बघा. एक नर आणि नायलॉन दोरीचा झुपका तिच्यासोबत ठेवा. नर पोटाला ढुशा देऊ लागला आणि झुपक्यावर पहिली दहा-वीस अंडी चिकटली की ती सुटली. लगेच 10 लिटर पाण्यात अर्धा मिली लवंग तेल (आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून) घेऊन तिला गुंगवा आणि काढा. नर थंड पडला तर आठव्या तासापासून तासाला एकदा, ओल्या टॉवेलात धरून हलका दाब. जोर लावावा लागत असेल तर परत सोडा.

शनिवारी रात्री 8 ला डोस दिलात तर रविवारी सकाळी 6 ते 10 जागं राहायची वेळ येते. पहाटे गच्चीवर पाणी 24 ला उतरलं तर तास-दोन तास पुढे जाईल. थर्मामीटर टाकीतच राहू द्या. आणि आत्ताच्या मादीत उरलेली अंडी आजच पूर्ण काढून टाका. आत सडली तर द्वार तुंबतं आणि मादीच जाते.